फक्त मीठ!

"येत्या सान पेद्रोच्या सणाला आपल्या चौकात बिनशेंगदाण्याची पंगत उठेल! नाही उठली तर होल्गेर इंत्रियागो हे नाव टाकून देईन!"

ही प्रतिज्ञा होल्गेर इंत्रियागोनं भर बाजारात केली, आणि तीही भोंग्यातून. भोंग्यातून बोलणं हा त्याचा धंदाच होता. जुन्या निळ्या पिकअपच्या टपावर दोन कर्णे बांधलेले, हातात माइक, आणि एस्तेरो सेको गावात जे काही घडेल ते गल्लोगल्ली फिरून ओरडायचं. कोण वारलं, कुणाकडे ताजा मासा आला, कुणाची शेळी हरवली. शेळीची बातमी तो अशा काही गहिवरानं सांगायचा की एकदा लोक मेणबत्त्या घेऊन मालकाच्या घरी सांत्वनाला गेले होते! त्यामुळे स्वतःच्या आवाजावर त्याचा भारी विश्वास. आपण बोललो आणि गावाला कळलं नाही, असं होऊच शकत नाही, अशी त्याची खात्री होती.

प्रतिज्ञा ऐकून गाव मात्र खो खो हसलं. हसणारच! मानाबी प्रांतात शेंगदाण्याशिवाय स्वयंपाक म्हणजे पाण्याशिवाय आंघोळ. माशाच्या रश्शात शेंगदाणा, कोंबडीवर शेंगदाणा, केळ्याच्या वड्यात शेंगदाणा, वर तोंड गोड करायला शेंगदाण्याची वडी. पाहुणा आला की आधी त्याच्या हातावर भाजलेले दाणे, मग "या, बसा." त्या गावात बिनशेंगदाण्याची पंगत?

पण होल्गेर पेटला होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. त्याची लेक दारिएला. पोरीला शेंगदाण्याची अॅलर्जी होती, आणि साधीसुधी नव्हे. चार वर्षांची असताना आजीनं, म्हणजे होल्गेरच्या सासूनं, दोन्या सेनेलियानं ('दोन्या' म्हणजे मानानं म्हणायचं 'बाई') लाडानं तिला केळ्याच्या वड्याचा एक घास भरवला. बघता बघता ओठ सुजले, छातीत शिटी वाजायला लागली. होल्गेरनं पोरीला पिकअपमध्ये घातलं आणि पोर्तोव्हिएहोच्या हॉस्पिटलपर्यंत सगळा रस्ता भोंग्यातून ओरडत गेला, "बाजूला व्हा! माझी पोरगी आहे! बाजूला व्हा!" त्या दिवशी त्याला आवाजात गहिवर आणावा लागला नव्हता.

पोर वाचली. पण तेव्हापासून ती घराबाहेर कधी कुणाच्या ताटात जेवली नाही. वाढदिवस असो, लग्न असो, चर्चचं जेवण असो, दारिएला आपला डबा घेऊन कोपऱ्यात. शेजारी पिशवीत इंजेक्शन घेऊन तिची आई हासिंता. आता पोरगी नऊ वर्षांची झाली होती, आणि एके दिवशी तिनं बापाला सरळ विचारलं, "पपा, सणाच्या मोठ्या टेबलावर मी कधी जेवणार?"

बापानं उत्तर दिलं, "या वर्षी! आणि डबा घरी ठेवून!"

झालं! शब्द गेला. होल्गेरनं लगेच संघटना काढली. नाव ठेवलं 'एस्तेरो सेको अन्न-अॅलर्जीग्रस्त कुटुंबीय साहाय्य व जागृती संघ'. सभासद म्हणाल तर होल्गेरचं कुटुंब, दूध न चालणाऱ्या मुलाची आई असलेल्या शाळेतल्या बाई, आणि उबाल्दो न्हावी. उबाल्दोला स्वतःला दगडसुद्धा पचायचा, पण त्याच्या बायकोला कोळंबी चालत नसे. तेवढ्या भांडवलावर तो संघाचा चिटणीस झाला. गावानं मात्र हे लांबलचक नाव एका दिवसात निकालात काढलं. सगळे म्हणायला लागले, 'नको-नको मंडळ'.

"काय होल्गेर, आज काय नको म्हणतंय तुमचं मंडळ?" लोक विचारायचे.

"हसा, हसा! पंगत उठली की बघू!"

सान पेद्रोच्या पंगतीची रीत अशी, की प्रत्येक घरानं एक भांडं आणायचं आणि चौकातल्या लांबच लांब टेबलावर ठेवायचं. सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. एखाद्याचं भांडं चाखलं नाही, तर पुढच्या सणापर्यंत त्या घराशी बोलणं बंद! म्हणजे एका घरानं जरी शेंगदाणा घातला, तरी दारिएला पुन्हा कोपऱ्यात. होल्गेरनं ठरवलं, गावाला पढवायचं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पिकअप फिरली.

"ऐका हो ऐका! सणाच्या जेवणात शेंगदाणा नको! केळं घाला, मासा घाला, युकाचे कंद घाला, भोपळा घाला! आणि चवीला घाला मीठ! शेंगदाणा नको, फक्त मीठ!"

"फक्त मीठ! फक्त मीठ!" पोरं पिकअपमागे धावत ओरडायची. दुसऱ्या दिवशी कोंबड्या विकणारी बाई तोच सूर लावून कोंबड्या विकायला लागली. तिसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी प्रवचनात सांगितलं की, आपले संत सान पेद्रो स्वतः मासे पकडायचे आणि त्यांच्या होडीत शेंगदाणा असल्याचा कुठेही उल्लेख नाही. हळूहळू गाव विरघळलं. गाव तसं मायाळू होतं. पोरगी कोपऱ्यात जेवते हे सगळ्यांनी पाहिलं होतं, फक्त काय करावं हे कुणाला सुचत नव्हतं. आता होल्गेरनं ते भोंग्यातून सांगितलं होतं.

शेजारच्या दोन्या मोन्सेनं छातीवर क्रूस काढून शपथ घेतली. "होल्गेर, पोरीची शप्पथ, एक दाणा घालणार नाही. तू सांगतोस ना, फक्त मीठ? मग फक्त मीठ!"

होल्गेरच्या डोळ्यांत पाणी आलं. विरघळली नाही ती एकच व्यक्ती. दोन्या सेनेलिया!

दोन्या सेनेलियाचा विचे म्हणजे गावाची शान. विचे म्हणजे माशाचा दाट रस्सा. त्यात युका, रताळं, मक्याच्या कणसाचे तुकडे आणि जात्यावर दळलेला ढीगभर शेंगदाणा. तिच्या हातचा विचे खाऊन दोन घटस्फोट रद्द झाले होते, असं म्हणत. आणि तिला अॅलर्जी हा शब्दच मान्य नव्हता.

"शेंगदाण्यानं कुणी आजारी पडतं होय, जावईबुवा? शेंगदाण्यावर माणूस उभा राहतो! ही सगळी डॉक्टरांची थेरं."

"दोन्या सेनेलिया, तुमच्या डोळ्यांदेखत पोरगी निळी पडली होती!"

यावर ती वळून चूल फुंकायला लागायची. होल्गेरला वाटे, बाई दगडाची आहे. हासिंता म्हणायची, "आईला बोलू नकोस." पण का, ते सांगायची नाही.

सणाचा दिवस उजाडला. चौकात टेबलं मांडली, वर केळीची पानं अंथरली. दारिएला पांढरा फ्रॉक घालून, केसांना रिबिन बांधून, हात हलवत आली. मोकळे हात! डबा नाही! होल्गेरनं ते पाहिलं आणि त्याची छाती अशी फुगली की शर्टाचं एक बटण उडून सरबताच्या घागरीत पडलं.

चौकाच्या तोंडाशी त्याने पिकअप आडवी लावली आणि तपासणी नाका उघडला. स्वतः माइक घेऊन उभा, शेजारी उबाल्दो चमचा घेऊन.

"तू चमचा कशाला घेतलास?"

"मी चिटणीस आहे. चिटणीसानं चाखून बघायला नको?" उबाल्दो म्हणाला. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

एकेक भांडं यायला लागलं.

"दोन्या मोन्से, काय आणलंत?"

"केळ्याचे वडे. आत मासा."

"शेंगदाणा?"

"देवा रे! एक दाणा नाही! पण मग चव कुठून येणार? म्हणून मीठ दुप्पट घातलंय, तू सांगितलंस तसं."

"शाब्बास! पुढे चला! तुम्ही? पानातली कोंबडी? शेंगदाणा?"

"छे! फक्त मीठ. अगदी सढळ हातानं!"

"तुम्ही?"

"फक्त मीठ!"

"तुम्ही?"

"फक्त मीठ, राजा! आमच्या आईच्या हातचं आहे, खास आजच्यासाठी काढलं."

उबाल्दो प्रत्येक भांड्यात चमचा बुडवत होता आणि डोळे मिटून सांगत होता, "अहाहा! शेंगदाणा नसताना काय चव आहे! माणसं उगीच शेंगदाण्याच्या मागे लागतात!" इथंच होल्गेरला शंका यायला हवी होती. पण विजयाच्या धुंदीत माणसाला वास येत नाही.

सगळ्यात शेवटी आली दोन्या सेनेलिया. डोक्यावर भलंमोठं भांडं, झाकण फडक्यानं घट्ट बांधलेलं.

"काय आहे?" होल्गेरनं कपाळाला आठ्या घातल्या.

"विचे."

"विचे! आजच्या दिवशी! पोरीच्या सणाला! तुम्ही आणि तुमचा शेंगदाणा..."

"मी शेंगदाण्याचं नाव काढलं का?"

"काढायला कशाला पाहिजे? तुमच्या विचेमधून शेंगदाणा वेगळा करायला गेलं तर भांडं उरेल! भांडं जप्त!"

आता बाई आकांडतांडव करणार, म्हणून गाव मान लांब करून उभं राहिलं. पण दोन्या सेनेलियानं दोन्या मोन्सेकडे एक चोरटी नजर टाकली, आणि मुकाट्यानं भांडं पिकअपमध्ये ठेवू दिलं. एवढंच पुटपुटली, "ठेव. पण झाकण कुणी उघडायचं नाही." होल्गेरला वाटलं, बाई अखेर वरमली.

तो पिकअपच्या टपावर चढला आणि भाषणाला लागला. एस्तेरो सेको जगाला कसा धडा देत आहे, पोर्तोव्हिएहो कसं तोंडात बोट घालील, पुढच्या वर्षी इथे कशी मोठी मोठी माणसं येतील. भाषण चाललं होतं, तेवढ्यात दारिएला टेबलापाशी दोन्या मोन्सेसमोर जाऊन उभी राहिली. आईनं तिला लहानपणापासून एक शिस्त लावली होती. बापानं विचारलं असलं तरी, कुणीही विचारलं असलं तरी, घास घेण्याआधी आपण स्वतः विचारायचं.

"मोन्से मावशी, यात काय काय आहे?"

"केळं, मासा, कांदा आणि मीठ, माझे बाई."

"कुठलं मीठ?"

"कुठलं म्हणजे? मीठ! जेवणातलं मीठ! हे बघ." दोन्या मोन्सेनं कंबरेच्या पिशवीतून अभिमानानं बरणी काढली.

बरणीत होतं काळपट-तपकिरी, रवाळ, खमंग कूट. भाजलेला मका, कोथिंबीर, खरं मीठ चिमूटभर आणि बाकी सगळा भाजून कुटलेला शेंगदाणा!

मानाबीत प्रत्येक घरात, प्रत्येक टेबलावर हीच बरणी असते. तिचं नाव 'काळं मीठ'. पण 'काळं' म्हणायला वेळ कुणाला आहे? 'मीठ दे' म्हटलं की हीच बरणी पुढे येते. दुकानातलं मीठ हवं असलं, तर 'पांढरं मीठ' असं मुद्दाम म्हणावं लागतं. होल्गेरही ह्याच गावात, ह्याच मिठावर वाढलेला. पण त्या हॉस्पिटलच्या दिवसानंतर त्याच्या घरात फक्त दुकानातलं पाकीट यायचं. पाच वर्षांत त्याच्या घरापुरतं मीठ पांढरं झालं होतं आणि गावाचं काळं ते काळंच राहिलं होतं!

"पपा," दारिएलानं हाक मारली. "मीठ बघा."

होल्गेरनं टपावरून खाली बघितलं. बरणी पाहिली. भाषण तिथंच तुटलं. मग तो त्या भांड्याकडे बघायला लागला, मग शेजारच्या, मग त्या पलीकडच्या. "आमच्या आईच्या हातचं." "अगदी सढळ हातानं." "दुप्पट घातलंय." सगळं एकदम आठवलं आणि त्याची बोबडी वळली. हातात माइक चालूच होता.

"थांबा! कुणी तोंडाला काही लावू नका! मीठ! मिठात आहे! सगळ्यांच्या मिठात आहे!"

"काय आहे?" गाव ओरडलं.

"आहे! मिठात आहे! हात लावू नका!"

काय आहे ते मात्र त्याच्या तोंडून निघेना. ते काम मागच्या रांगेतल्या कुणीतरी केलं. "विष! मिठात विष आहे!"

मग काय विचारता! बायकांनी पोरांच्या तोंडात बोटं घातली. एका म्हाताऱ्यानं चुळा भरायला म्हणून सरबताची घागर उचलली, तर तोंडात शर्टाचं बटण आलं. "मला गोळी दिली! विषाची गोळी!" म्हणून तो जो धावत सुटला, तो थेट चर्चमध्ये. पाद्रीबाबा मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन बाहेर आले. आणि उबाल्दो? उबाल्दोच्या हातातून चमचा गळून पडला.

"मी... मी सगळ्या भांड्यांतलं खाल्लंय!" असं म्हणून तो चौकाच्या मधोमध आडवा झाला. "गेलो मी! हासिंता, माझ्या बायकोला सांग, दुकानातली खुर्ची माझ्या भावाला द्या. पण आरसा देऊ नका त्याला, तो नेलेली वस्तू कधी परत आणत नाही!"

"उठ रे, मेल्या!" हासिंता ओरडली. ती भराभरा टपावर चढली आणि नवऱ्याच्या हातातून माइक हिसकावला. "विष नाही! ऐका! कुणी मरणार नाही! तुमच्या मिठात शेंगदाणा आहे, एवढंच!"

सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला.

"हात्तिच्या!" दोन्या मोन्से म्हणाली. "मिठात शेंगदाणा असणारच की! त्यात काय?"

"अहो, मग मला शेंगदाणा नाही असं का सांगितलंत?" होल्गेर रडकुंडीला आला.

"नाहीच आहे! मीठ आहे!"

"पण मिठात शेंगदाणा आहे!"

"मिठात आहे ना? वड्यात कुठे आहे?" दोन्या मोन्सेनं सगळ्या गावाकडे वळून विचारलं, आणि सगळ्या गावानं मान डोलावली. मग हळूहळू, एकेका डोक्यात उजेड पडत गेला. माना थांबल्या. दोन्या मोन्सेनं आपल्या हातातल्या बरणीकडे बघितलं, मग दारिएलाकडे. "अग बाई," ती एवढंच म्हणाली आणि बरणी पाठीमागे लपवली.

दारिएला रडली नाही. तिला सवय होती. ती मुकाट्यानं पिकअपपाशी आली, दार उघडलं आणि सीटखाली हात घातला. तिथं तिचा डबा होता. हासिंतानं आणून ठेवलेला, लपवून, न जाणो म्हणून. आई डबा आणणार हे पोरीला आधीपासून माहीत होतं! ते बघून होल्गेर टपावरून उतरला आणि पिकअपच्या चाकाला टेकून खालीच बसला. सगळ्या गावाला सांगितलं होतं त्याने, पण एक साधं विचारलं नव्हतं. कुठलं मीठ?

तेवढ्यात कुणीतरी त्याचा दंड धरून हलवला. दोन्या सेनेलिया होती.

"जावईबुवा, माझं भांडं दे."

"आता तुमचा शेंगदाणा आणखी कशाला?"

"नाहीये त्यात," ती पुटपुटली.

"काय नाहीये?"

"शेंगदाणा. नाहीये म्हटलं ना! हळू बोल!" तिनं दोन्या मोन्सेकडे पुन्हा चोरून बघितलं. "चर्चच्या मागे नेऊन गुपचूप पोरीला वाढणार होते. कुणाला कळायला नको."

होल्गेरनं उठता उठता, शेजारी उतरून आलेल्या हासिंताच्या हातातला माइक धरला, आधारासाठी म्हणा किंवा सवयीनं म्हणा, आणि आनंदानं किंचाळला, "काय? दोन्या सेनेलियानं बिनशेंगदाण्याचा विचे केलाय?"

दोन्ही कर्ण्यांतून ते शब्द चौकभर, गावभर, पलीकडच्या टेकडीपर्यंत गेले. चौकात एकच खळबळ उडाली. दोन्या मोन्सेनं छातीवर क्रूस काढला. उबाल्दो, जो अजून आडवाच होता, तो उठून बसला.

"मेल्या!" दोन्या सेनेलिया दात-ओठ खात म्हणाली. "घातलीस माझी अब्रू भोंग्यात!"

पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं कंबरेवर हात ठेवले. "हो, केलाय! घट्ट व्हायला भोपळा घातलाय! कुणाचं काही म्हणणं आहे?"

कुणाचंही नव्हतं. पुढे आली ती दारिएला. तिनं डबा पिकअपवर ठेवला आणि आजीसमोर उभं राहून नेहमीचे प्रश्न सुरू केले. दोन्या सेनेलियानं आयुष्यात कुणाला कधी जाब दिला नव्हता. पण नातीपुढे ती ताठ उभी राहिली.

"आजी, भांडं कुठलं?"

"नवं. बाजारातून आणलं. जुन्याला हातसुद्धा लावला नाही."

"चमचा?"

"नवा."

"जातं?"

"जात्यावर काही दळलंच नाही. जातं असलेल्या खोलीत शिजवलंसुद्धा नाही. अंगणात चूल मांडली."

"आणि मीठ? कुठलं मीठ?"

"पांढरं," आजी म्हणाली. "दुकानातलं, तुझी आई आणते तेच पाकीट. पेटीत तळाशी लपवलं होतं, कुणी बघू नये म्हणून. फोडताना दोनदा हात धुतले." मग तिचा आवाज जरा घसरला. "गेल्या सणाला तू माझ्या घरी आपला डबा खाल्लास ना, तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून. माझ्या घरी, माझी नात, भिंतीकडे तोंड करून! एकदा माझ्या हातचा घास तुला बाधला, मग पुन्हा भरवायचा धीरच झाला नाही ग मला. म्हणून ओरडत होते, अॅलर्जी-बिलर्जी काही नसतं म्हणून."

दारिएलानं आईकडे बघितलं. हासिंतानं पिशवीतलं इंजेक्शन चाचपलं आणि हळूच मान हलवली.

मग दोन्या मोन्सेनंच सूत्रं हातात घेतली. "ऐका! सगळी भांडी उचला आणि चर्चपलीकडे नेऊन ठेवा. टेबलं धुवा. सगळ्यांनी कोपरापर्यंत हात धुवा. आणि आज पोरगी जे खाईल तेच गाव खाईल. चला!" आपलेच वडे ती सगळ्यात आधी उचलून घेऊन गेली. एवढे सुंदर वडे! उबाल्दो त्यांच्याकडे असा बघत राहिला, जणू प्रेतयात्रा चालली आहे.

भांडं पुरेल का, हा प्रश्नच नव्हता. विचे एका नातीसाठी केला होता खरा, पण लहान भांड्यात स्वयंपाक करणं दोन्या सेनेलियाला ठाऊकच नव्हतं. मोठ्या टेबलाच्या मधोमध, सगळ्यांच्या समोर दारिएला बसली. आजीनं वाटी भरली. पोरीनं चमचा तोंडात घातला. सगळा चौक श्वास रोखून तिच्या ओठांकडे बघत होता. हासिंता बघत होती. होल्गेरनं तर डोळेच मिटले होते.

काही झालं नाही. थोडा वेळ गेला. काहीच झालं नाही.

"आजी," दारिएला म्हणाली, "अजून वाढ."

मग गावानं जो जल्लोष केला! पाद्रीबाबांनी पवित्र तेल खिशात टाकून टाळ्या वाजवल्या. वाट्या भराभर फिरल्या. सगळ्यांनी एकदम पहिला घास घेतला.

आणि सगळे आपापल्या वाटीत बघायला लागले.

आता खरं सांगायचं तर, त्या विचेला चव नावालाही नव्हती. भोपळ्याचं कोमट पाणी आणि त्यात पोहणारा मासा. लोक घास तोंडात फिरवत होते, गिळत होते, एकमेकांकडे बघायचं टाळत होते. सगळ्यांच्या मनात एकच बरणी उभी होती. दोन्या सेनेलिया कंबरेवर हात ठेवून एकेकाचं तोंड न्याहाळत होती.

"कसा झालाय, उबाल्दो?"

"गरम," उबाल्दो विचार करून म्हणाला. "चांगला गरम आहे."

"दोन्या मोन्से?"

"भोपळा ताजा आहे हो," दोन्या मोन्से म्हणाली, आणि तिनं आणखी एक चमचा घेतला. कौतुकानं नव्हे, मायेनं.

"जगातला सगळ्यात छान विचे आहे हा!" तिसरी वाटी पुढे करत दारिएला म्हणाली. तिला दुसरा कुठला माहीतच नव्हता. दोन्या सेनेलियानं ते ऐकलं आणि फडक्यानं तोंड पुसण्याच्या निमित्तानं डोळे पुसले. आयुष्यभर तिच्या विचेची सगळ्या प्रांतानं तारीफ केली होती, पण एवढ्यानं तिचा चेहरा कधी उजळला नव्हता.

होल्गेर हे सगळं बघत होता. छाती पुन्हा फुगली, दुसरं बटण धोक्यात आलं. प्रतिज्ञा पुरी झाली होती. बिनशेंगदाण्याची पंगत उठणार होती, नाव टाकायची गरज नव्हती! पिकअपवरून जगाला आता काय काय सांगायचं ह्याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत त्याने विचेचा मोठा घास घेतला, जरासा थबकला, आणि डोळे अजून लेकीवरच ठेवून, शेजाऱ्यापुढे सहज हात पसरून म्हणाला,

"अहो, ते मीठ जरा इकडे करा ना!"

टेबलावरचे सगळे चमचे हवेत थांबले. दारिएलानं वाटीतून मान वर केली.

"कुठलं, पपा?"